दुःस्वप्नकथांतील प्रेम आणि धम्मातील मैत्री

विसाव्या शतकात युरोप आणि अमेरिकेच्या कथावाङ्मयात एक नवा प्रकार रुजला. त्याला तिकडे 'डिस्टोपिया' म्हणतात. आदर्श राज्याचे स्वप्न उलटे करून पाहिले म्हणजे जे दिसते, ते या कथांचे विश्व. मराठीत या प्रकाराला अजून सर्वमान्य नाव मिळालेले नाही. प्रस्तुत लेखात आम्ही 'दुःस्वप्नकथा' हा शब्द योजला आहे. येव्गेनी झाम्यातिन यांची 'वुई' (इंग्रजी अनुवाद १९२४), ऑल्डस हक्स्ले यांची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२), जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' (प्रकाशन १९४९), रे ब्रॅडबरी यांची 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) आणि मार्गारेट अ‍ॅटवूड यांची 'द हँडमेड्स टेल' (१९८५) या त्यांतील गाजलेल्या कादंबऱ्या. यांतील राज्यसंस्था माणसाच्या शरीरावरच नव्हे, तर त्याच्या स्मृतीवर, भाषेवर आणि शय्यागृहावरही पहारा ठेवते. आणि या अजस्र यंत्रणेसमोर लेखक बहुधा एकच गोष्ट उभी करतो : एका माणसाचे दुसऱ्या माणसावर जडलेले प्रेम.

यावरून समीक्षकांनी एक सिद्धान्त काढला आहे. सर्व काही हिरावले गेल्यावरही प्रेम माणसातील माणूसपण राखते, असा तो सिद्धान्त. आता तो सुभाषितासारखा उच्चारला जातो. धम्माच्या अभ्यासकाने तो जसाच्या तसा स्वीकारावा काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे. येथे दोन सोप्या वाटा आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. प्रेम म्हणजे तृष्णा, तृष्णा म्हणजे दुःख, म्हणून या कथा धम्माला परक्या, असे म्हणून पुस्तक मिटणे ही पहिली वाट. प्रेम म्हणजेच मैत्री, म्हणून ऑर्वेल आणि तथागत एकच सांगतात, असे म्हणून टाळ्या घेणे ही दुसरी. साहित्यकृती नीट वाचली तर तिसरीच गोष्ट हाती लागते.

ऑर्वेलच्या कादंबरीपासूनच सुरुवात करू. कारण उपरोक्त सिद्धान्ताचा मुख्य आधार तीच आहे. विन्स्टन आणि ज्युलिया यांचे चोरटे प्रेम, त्यांची भाड्याची खोली, अखेर झालेली अटक आणि १०१ क्रमांकाच्या खोलीत उंदरांच्या भीतीने विन्स्टनने केलेला प्रेमाचा त्याग, हा भाग सर्वश्रुत आहे. ही शिक्षा मला नको, ज्युलियाला द्या, असे तो किंचाळतो. तिनेही तेच केलेले असते. छळ करणाऱ्या खात्याचे नावच 'प्रेम मंत्रालय' आहे. आणि शेवटी विन्स्टनच्या मनात प्रेम उरते ते केवळ सत्ताधीशावर. प्रेम माणुसकी राखते असे म्हणणाऱ्यांनी हा शेवट पुन्हा वाचावा. तेथे प्रेम हरलेले आहे आणि प्रेम हा शब्दही शत्रूने नेलेला आहे.

परंतु हा पराभव १०१ क्रमांकाच्या खोलीत झाला, असे आम्हांला वाटत नाही. तो त्याआधीच एका सुंदर दिवाणखान्यात झाला आहे. गुप्त संघटनेत प्रवेश घेण्यासाठी दोघे ओब्रायनकडे जातात. तो त्यांना विचारतो, संघटनेच्या हितासाठी खून कराल काय, निरपराध माणसे मरतील असा घातपात कराल काय, एखाद्या लहान मुलाच्या तोंडावर तेजाब फेकाल काय. विन्स्टन प्रत्येक प्रश्नाला होकार देतो. पुन्हा एकमेकांना न भेटण्याची तयारी आहे काय, असे विचारल्यावर मात्र ज्युलिया मध्येच नकार देते, आणि विन्स्टनही. परक्याच्या लेकराच्या चेहऱ्यावर तेजाब फेकण्यास तयार असलेले हे प्रेम फक्त आपली ताटातूट सोसण्यास तयार नाही. त्याचा आकार बरोबर दोन माणसांएवढा आहे. दोन माणसांएवढे प्रेम मोडण्यास यंत्रणेला फार बळ लागत नाही. दोघांना दोन कोठड्यांत ठेवले की पुरते. पुढे छळाच्या वेळी ओब्रायन त्याच संभाषणाचे ध्वनिमुद्रण विन्स्टनला ऐकवतो. आपण तुमच्यापेक्षा नीतीने श्रेष्ठ आहोत, हा विन्स्टनचा दावा तेथेच कोसळतो. ज्या देशात तेजाबाने विद्रूप केलेले चेहरे आपण प्रत्यक्ष पाहिले आहेत, त्या देशातील वाचकाने तरी हे पान भराभर उलटू नये.

ऑर्वेलला हे समजत नव्हते असे नाही. किंबहुना त्याने त्याच कादंबरीत दुसऱ्या एका प्रेमाची चित्रे ठेवली आहेत आणि समीक्षकांनी ती दुय्यम मानली आहेत. एका युद्धपटात निर्वासितांच्या होडीवर हल्ला होतो. एक स्त्री आपल्या भ्यालेल्या मुलाला हातांनी झाकून घेते, जणू तिचे हात गोळ्या अडवणार आहेत. विन्स्टनची आईही, त्याने उपाशी बहिणीच्या हातातील चॉकलेट हिसकावल्यावर, त्या मुलीभोवती हात वेढते. त्या हाताने काहीही साध्य होत नाही. चॉकलेट परत येत नाही, गोळी थांबत नाही. तरीही विन्स्टनला उमजते की साध्य काय झाले, या हिशेबात ही कृती बसतच नाही. मेत्तसुत्तात मैत्रीचे माप सांगताना एकुलत्या एका पुत्राला प्राणपणाने जपणाऱ्या मातेची उपमा आली आहे, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. मात्र सुत्त त्या उपमेवर थांबत नाही. माता आपल्या पुत्राबाबत जे करते, ते सर्व प्राणिमात्रांबाबत करावे असे ते सांगते. मातेच्या हाताला अमर्याद करणे हा सुत्ताचा विषय आहे. ऑर्वेलने हात दाखवला. तो किती लांब जाऊ शकतो हे मात्र त्याने जवळजवळ दाखवले नाही.

जवळजवळ म्हणण्याचे कारण एक अगदी लहान प्रसंग. कोठडीत उपासमारीने कवटीसारखा चेहरा झालेला एक कैदी आणला जातो. हनुवटी आत गेलेला एक स्थूल कैदी आपल्या खिशातून पावाचा मळका तुकडा काढून त्याला देऊ पाहतो. भिंतीवरचा पडदा ओरडतो, पहारेकरी येतो आणि त्या देणाऱ्याचे तोंड फोडतो. थोड्या वेळाने त्या उपाशी माणसाला १०१ क्रमांकाच्या खोलीत नेण्याचा हुकूम होतो. तेव्हा तो आपल्या बायकोमुलांचे गळे कापा म्हणतो, आणि ज्याने पाव देऊ केला त्याच्याकडेच बोट दाखवून मला नव्हे, याला न्या, अशी विनवणी करतो. संपूर्ण कादंबरीत अनोळखी माणसाला अन्न देण्याची ही एकमेव घटना आणि तिचे फळ हे! ऑर्वेल किती प्रामाणिक लेखक होता याची ही साक्ष आहे. पण मैत्री खोटी ठरली असे यावरून सिद्ध होते काय? मैत्री ही उसनवारी नव्हे. परतफेड झाली नाही म्हणून ती बुडाली, असा हिशेब पाव देणाऱ्याने केलेला नव्हता. कादंबरीत पराभूत न झालेला माणूस शोधायचाच असेल, तर आमच्या मते तो हा विनोदी दिसणारा, तोंड फुटलेला कैदी आहे.

आता आपल्या घराकडे वळू. दुःस्वप्नकथा ही पाश्चात्त्यांची देणगी आहे असा समज आहे. दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्त ज्याने वाचले आहे, त्याला हा समज मान्य होणार नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात हे सुत्त विस्ताराने उद्धृत केले आहे. हा निबंध महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात १९८७ साली प्रसिद्ध झाला. नैतिक शक्ती ढळली म्हणजे पशुबळ तिची जागा कसे घेते, याचे चित्र म्हणून त्यांनी त्याकडे पाहिले.

सुत्तातील अधःपाताचा क्रम फार मोलाचा आहे. एक राजा राज्यरक्षणाची व्यवस्था करतो, पण निर्धनांना धन देत नाही. त्यामुळे दारिद्र्य पसरते. दारिद्र्यातून चोरी उपजते. पहिला चोर पकडला गेल्यावर राजा त्याला धन देतो; ते ऐकून इतर चोरी करू लागतात. मग राजा शिरच्छेदाचा मार्ग धरतो. ते पाहून लोकही शस्त्रे बनवतात आणि लुटलेल्यांची शिरे उडवू लागतात. हत्येतून असत्य, असत्यातून चहाडी, व्यभिचार, लोभ, द्वेष असा प्रवाह वाहत जातो आणि ऐंशी हजार वर्षांचे आयुर्मान अखेर दहा वर्षांवर येते. तूप, तेल, मध, मीठ यांची चव नाहीशी होते. भरड धान्य हेच मिष्टान्न ठरते. आणि येथे सुत्तकार एक विलक्षण गोष्ट सांगतो : त्या काळच्या माणसांत 'कुशल' हा शब्दसुद्धा राहणार नाही, मग कुशल करणारा कोठून राहणार? ऑर्वेलच्या राज्यात शब्दकोशातून शब्द काढून टाकणारे खाते आहे. शब्द गेला की विचार जातो, असा त्यांचा कावा. पालिवाङ्मयाला हे आधीच ठाऊक होते.

त्यानंतर सात दिवसांचा शस्त्रकाळ येतो. माणसांना एकमेकांविषयी 'मिगसञ्ञा' होते, म्हणजे समोरचा माणूस शिकारीच्या जनावरासारखा दिसू लागतो. हाती तीक्ष्ण शस्त्रे येतात आणि माणूस माणसाला मारत सुटतो. पण काहींच्या मनात येते की आपण कोणाला मारू नये आणि आपल्याला कोणी मारू नये. ते गवताच्या दाटीत, रानात, झाडांच्या जाळीत, दुस्तर नद्यांच्या काठी, डोंगरकपारीत शिरतात आणि सात दिवस कंदमुळे व रानफळे खाऊन काढतात. सात दिवस सरल्यावर ते बाहेर येतात, एकमेकांना मिठी मारतात आणि समोरचा प्राणी जिवंत आहे, एवढ्याच गोष्टीचे एकमेकांना आश्वासन देतात. त्यानंतर ते निश्चय करतात की प्राणिहत्येपासून विरत व्हावे. त्यांच्या पुढच्या पिढीचे आयुर्मान वीस वर्षे होते.

आमच्या नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीच्या मुलखातील वाचकाला हे अरण्य केवळ अलंकार वाटणार नाही. मोहफुले वेचण्यासाठी आणि तेंदूपानांसाठी येथील बायामाणसे आजही रानात जातात. वाघाच्या भयाने एकटी जात नाहीत, जथ्याने जातात आणि एकमेकांना हाका देत राहतात. रानात कोणीतरी जिवंत आहे, हे हाकेवरून कळणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. मेत्तसुत्ताची अट्ठकथाही अशीच आहे. वर्षावासासाठी अरण्यात गेलेले भिक्खू तेथील भयाने त्रस्त होऊन तथागतांकडे परत आले. तथागतांनी त्यांना दुसरी सुरक्षित जागा दिली नाही. मेत्तसुत्त शिकवले आणि त्याच अरण्यात परत पाठवले. त्या कथेतील वृक्षदेवता बुद्धिवादी वाचकाने बाजूला ठेवाव्यात. भयाची जागा बदलून भय जात नाही, एवढा तिचा आशय पुरेसा आहे.

सुत्तातील त्या मिठीत आणि विन्स्टन-ज्युलियाच्या मिठीत भेद कोणता? विन्स्टनला ज्युलिया हवी आहे. अरण्यातून बाहेर आलेल्या माणसाला समोर कोण येणार हे ठाऊकच नाही. तो कोणत्या कुळाचा, कोणत्या गावाचा, काल त्याच्या हाती शस्त्र होते की नव्हते, काहीच माहीत नाही. तो जिवंत आहे, एवढी एकच ओळख. पहिल्या मिठीत निवड आहे, दुसरीत निवड नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (मूळ इंग्रजी १९५७) या ग्रंथात बाबासाहेबांनी हा भेद स्पष्ट केला आहे. प्रेम पुरेसे नाही, मैत्री हवी. करुणा मनुष्यमात्रापुरती असते, मैत्री सर्व प्राणिमात्रांना व्यापते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. 'रिडल्स इन हिंदुइझम' या १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते आणखी पुढे जातात. स्वातंत्र्य आणि समता यांना टिकवून धरणारी वस्तू बंधुभाव आहे, पण फ्रेंच राज्यक्रांतीचा तो शब्द अपुरा असून तथागतांचा 'मैत्री' हाच योग्य शब्द होय, असे ते म्हणतात. ज्यांना मैत्री ही विहारात डोळे मिटून करावयाची भावना वाटते, त्यांनी ती बाबासाहेबांनी समतेच्या पायाखाली बसवली आहे हे ध्यानात घ्यावे.

प्रिय व्यक्तीवरील प्रेमाला धम्म तुच्छ लेखतो, असा मात्र याचा अर्थ नाही. पियजातिक सुत्तात जे प्रिय आहे त्यापासून शोक उत्पन्न होतो असे तथागत सांगतात तेव्हा राजा प्रसेनजिताला ते पटत नाही. मल्लिका राणी त्याला वाद घालून नव्हे, तर त्यांच्या मुलीचे नाव घेऊन विचारते की तिला काही झाले तर तुम्हांला दुःख होईल की नाही. यात प्रेमाचा धिक्कार नाही. प्रेम किती मोडता येण्याजोगे असते याचे भान आहे. १०१ क्रमांकाची खोली त्याच भानावर उभी आहे. सत्तेलाही ठाऊक आहे की जेथे प्रिय आहे, तेथे धरायला मूठ आहे.

इतर कादंबऱ्यांबद्दल थोडक्यात. हक्स्लेच्या राज्यात सुखाच्या गोळीने प्रेमाची गरजच संपवली आहे. तेथील जॉनचे प्रेम शेक्सपिअरच्या पुस्तकातून आलेले असल्याने लेनिनाला ते कळत नाही आणि जॉनलाही लेनिना कळत नाही. अ‍ॅटवूडच्या नायिकेला तगवते ती हिरावलेल्या मुलीची आठवण. झाम्यातिनची कादंबरी मात्र फार वाचली जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. तिच्यातील नायक शेवटी शस्त्रक्रियेने कल्पनाशक्ती काढून घेतलेल्या अवस्थेत आपल्या प्रेयसीचा छळ थंडपणे पाहतो. त्याचे उत्कट प्रेम काहीच राखू शकत नाही. पण त्याच प्रेयसीने त्याआधी एक काम केलेले असते. नायकावर प्रेम करणारी दुसरी, तिची प्रतिस्पर्धी, गर्भवती आहे आणि त्या राज्यात तो मृत्युदंडाचा गुन्हा आहे. प्रेयसी तिला भिंतीपलीकडे रानात पोचवते. कादंबरीत जर काही जिवंत राहिले असेल, तर ते ते मूल. ब्रॅडबरीच्या पुस्तकांचा शेवटही रानातच होतो. जाळलेली पुस्तके मुखोद्गत केलेली माणसे जुन्या लोहमार्गालगत शेकोट्यांभोवती बसलेली असतात. नागपूर-नागभीड ही नॅरोगेज गाडी २०१९ साली बंद झाल्यावर गवतात गेलेले रूळ ज्यांनी पाहिले, त्यांना हे दृश्य लगेच डोळ्यांपुढे येईल. आणि भाणकांनी पिढ्यानुपिढ्या मुखाने जपलेल्या त्रिपिटकाची परंपरा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ब्रॅडबरीची कल्पना नवी वाटणार नाही.

आता मराठीकडे. युरोपीय लेखकाने भविष्यात कल्पिलेले राज्य आपल्या लोकांनी भूतकाळात भोगलेले आहे. जन्मावरून काम ठरलेले, वस्ती ठरलेली, कोणाशी जेवावे आणि कोणाशी लग्न करावे हे ठरलेले, ज्ञानाचा शब्द कानी पडला तर शिक्षा ठरलेली. हक्स्लेने माणसांचे वर्ग बाटलीत तयार करण्यासाठी प्रयोगशाळा कल्पिली. मनूला तिची गरज भासली नाही. म्हणून दलित साहित्यात भविष्यातील दुःस्वप्न फारसे सापडत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी या साहित्याचा वर्तमान वाचावा.

अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा घ्या. खाण बंद पडल्याने बेकार झालेला भीमा मुंबईच्या उपनगरात राहतो. चितेच्या राखेत त्याला सोने सापडते आणि तो प्रेतांच्या अंगावरील सोने शोधू लागतो. एका रात्री पुरलेल्या प्रेतासाठी त्याला कोल्ह्यांशी झुंजावे लागते. आणि प्रेताच्या तोंडातील सोने काढताना त्याची बोटे त्या जबड्यात अडकतात. बोटे कापावी लागतात आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू होणार असल्याची बातमी येते. भीमा हे सारे कशासाठी करतो? घरच्यांसाठी, लेकीसाठी. या कथेत प्रेमाची उणीव नाही. पण काम नाही. प्रेमच त्याला स्मशानात नेते आणि कोल्ह्यांच्या पंक्तीला बसवते. चक्कवत्ति सुत्तातील राजाने निर्धनांना धन दिले नाही, त्याचे पुढचे पान अण्णा भाऊंनी लिहिले, असे म्हटले तर वावगे ठरू नये. प्रेम माणुसकी राखते, हा सिद्धान्त ज्यांच्या पोटात अन्न आहे अशांनी मांडलेला आहे, हे या कथेमुळे लख्ख दिसते.

विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९) मराठीतील श्रेष्ठ प्रेमकथांपैकी एक. नाझी जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंच्या बोटीवर ती घडते, म्हणून प्रत्यक्षातील दुःस्वप्नाच्या सर्वांत जवळ जाणारी मराठी कादंबरीही तीच. पूर्वीच्या प्रेमभंगाने कडवट झालेला चक्रधर हेर्टाच्या सहवासात पुन्हा माणसात येतो. येथवर सिद्धान्त खरा ठरतो. पण मुंबई बंदर येते आणि तो उतरतो. ती बोटीवरच राहते आणि पुढे समुद्रात उडी घेते. ज्याचे माणूसपण प्रेमाने राखले तो वाचला. जिने राखले ती गेली. चक्रधर दुष्ट नाही, आणि बेडेकरांनी त्याला दुष्ट केलेले नाही, हेच या कादंबरीचे मोठेपण. त्याचे प्रेम खरे आहे, फक्त त्याला बंदर आहे.

बाबूराव बागुल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेपाशी आम्हांला अधिक थांबावेसे वाटते, कारण मैत्रीवरील सर्वांत कठीण आक्षेपाचे उत्तर तेथे आहे. आक्षेप असा : ककचूपम सुत्तात तथागत सांगतात की चोरांनी दुहाती करवतीने अवयव कापले तरी ज्याच्या मनात द्वेष येईल तो माझे अनुशासन पाळणारा नव्हे. हे शोषितांना सांगणे म्हणजे शोषकांच्या करवतीला तेल लावणे नव्हे काय? आमच्या चळवळीतील अनेक कार्यकर्ते हा प्रश्न विचारतात आणि तो रास्त आहे. खैरलांजी आमच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे जे घडले, त्याला सुत्तातील 'मिगसञ्ञा' या शब्दाहून अचूक शब्द आम्हांला सापडत नाही. त्या घटनेनंतर मैत्रीचा उपदेश करण्यास कोणाचीही जीभ अडखळेल.

बागुलांचा नायक रेल्वेत नोकरीला लागतो, जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर सहकाऱ्यांचा मार खातो. त्याच्यासारखाच अस्पृश्य असलेला काशीनाथ त्याला सोडवतो. मार खाल्लेला हा माणूस शेवटी मारणाऱ्यांची नावे घेत नाही. मारणारा हात मनूचा होता, असे त्याला दिसते. कोणी याला पलायन म्हणेल. आम्हांला ही मैत्रीची प्रखर दृष्टी वाटते. द्वेष माणसावर न थांबवता तो व्यवस्थेपर्यंत ओळखत नेणे, यात क्षमायाचना नाही आणि शरणागतीही नाही. काशीनाथ तर सोडवायला येताना हात जोडून येत नाही. ककचूपम सुत्त मनाची शिस्त सांगते, ते भिक्खूंना सांगितलेले आहे. गुन्हेगाराला मोकळे सोडा असे कोणत्याही राजाला ते सांगत नाही. आणि चक्कवत्ति सुत्तात तर उपाशी माणसाला धीर धरण्याचा उपदेशच नाही. दोष राजाच्या माथी ठेवला आहे. मैत्री न्यायाची जागा घेत नाही. न्याय मागणाऱ्याच्या मनात ती समोरच्याला जनावर होऊ देत नाही, इतकेच तिचे काम आहे, आणि ते काही थोडे नव्हे.

येथे थोडे विषयांतर करतो. दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत रात्र रात्र नाटके चालतात. वडसा हे त्या नाटक मंडळ्यांचे माहेर. प्रेमी जीवांची ताटातूट झाली की मंडपातील बायाबापड्यांबरोबर पुरुषही डोळे पुसतात. त्या अश्रूंना आम्ही खोटे म्हणत नाही. पण त्याच प्रेक्षकाच्या घरातील मुलीने जातीबाहेर पाऊल टाकले तर पहाटे मंडपातून परतलेले डोळे कोरडे होतात. जातिसंस्थेवर आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय, असे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात लिहून ठेवले. सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) ही नावे त्यानंतरच्या महाराष्ट्राची आहेत. ज्या राज्यात प्रेम हा गुन्हा आहे ते राज्य कल्पिण्यासाठी मराठी लेखकाला भविष्यात जावे लागत नाही. भिंतीवरचा पाहणारा पडदाही लागत नाही. गावाचे डोळे पुरतात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले, ते याच डोळ्यांविषयी होते असे आम्ही समजतो.

म्हणून नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) या चित्रपटाला आम्ही दुःस्वप्नकथांच्या रांगेत बसवतो. पूर्वार्धात प्रेक्षक चित्रपटगृहात नाचले आणि शेवटी मुकाट बाहेर पडले. पुष्कळांनी त्या शेवटाविषयी लिहिले. आर्ची आणि परश्या यांचे प्रेम त्यांना वाचवू शकले नाही, हे खरे. पण ते गाव सोडून हैदराबादला पोचतात तेव्हाच संपले असते. रात्रीच्या रस्त्यावर गुंडांच्या हाती सापडलेल्या त्या दोघांना सोडवते सुमन अक्का, डोशाची गाडी चालवणारी, भाषाही वेगळी असलेली एक स्त्री. ती त्यांना झोपडपट्टीत खोली देते, काम मिळवून देते. दोघांचे आपसांतले प्रेम तर त्या खोलीत भांडणाने तुटण्याच्या बेतालाही येते. आर्ची निघून जाते आणि परतते. ती परत येऊ शकते, कारण परतायला जागा उरलेली असते.

मारायला येतात ते रक्ताचे नातेवाईक, हातात भेटवस्तूंच्या पिशव्या घेऊन. निवारा देते ती कोणीच नसलेली बाई. या अक्काविषयी मराठी समीक्षेत दोन-चार ओळींपलीकडे काही आमच्या वाचनात आलेले नाही. तिला कथेत स्वतंत्र गाणे नाही, आणि खोलीचे भाडे ठरवताना ती त्या पोरांची जात विचारत नाही.